दसऱ्याच्या सुट्टीत खानापूरहून आई-बाबा आणि मुलांना घेऊन केरळातल्या अलेप्पीला जायचंय. हाऊसबोटीवरच्या एका रात्रीचं नियोजन कसं करावं?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही दोघं, सत्तरी ओलांडलेले आई-बाबा आणि दोन मुलं असे सहा जण आहात. सकाळी रेल्वेतून उतरून थेट बोट गाठायची आणि रात्रभर पाण्यातून फिरायचं, असा तुमचा बेत आहे. हा बेत आधी बदला, कारण हाऊसबोट रात्री चालत नाही.

दुपारी बाराच्या सुमारास बोटीवर घेतात. मध्ये जेवणासाठी कुठंतरी थांबतात आणि साडेपाच-सहाला बोट काठाला बांधून टाकतात. त्यानंतर मच्छीमार जाळी लावतात, तेव्हा रात्रीचं पाणी त्यांचं. सकाळी नाश्त्याच्या वेळी एक छोटी फेरी होते आणि नऊला उतरायचं. म्हणजे खरं फिरणं चार-पाच तासांचंच. गाडी दोन तास उशिरा पोचली तर त्यातली निम्मी वेळ तिथंच गेली. म्हणून आदल्या दिवशी अलेप्पी गाठा, साध्या लॉजवर झोपा आणि दुपारी ताजेतवाने बोटीवर चढा. आई-बाबांसाठी तर हे हवंच.

पुण्याहून एर्नाकुलमला जाणारी पूर्णा एक्स्प्रेस बेळगाव, लोंढ्यावरून जाते, पण आठवड्यातून एकदाच. त्या वाराशी सुट्टी जुळली नाही तर मडगावला जाऊन नेत्रावती पकडा. ती रोज असते आणि थेट अलेप्पीला थांबते. एर्नाकुलमला उतरलात तर पुढं रस्त्यानं दीडेक तास धरा.

आता मार्ग. बोट ठरवताना बहुतेक लोक खोल्यांचे फोटो बघतात. मी म्हणेन, बोट कुठून कुठं नेणार आणि रात्री कुठं बांधणार ते आधी विचारा. पुन्नमडा आणि वेंबनाड या तलावांच्या मोठ्या पाण्यात सुट्टीच्या दिवसांत बोटींची रांग लागलेली असते, काठ लांब राहतो. खरी मजा कुट्टनाड या सखल भातशेतीच्या भागातल्या कालव्यांत आहे. तुम्ही खानापूरचे, भातशेती तुमच्या ओळखीची, म्हणून मुद्दाम सांगतो. आपल्याकडं बांध घालतात तो पाणी शेतात राहावं म्हणून. तिथं बांध घालतात तो पाणी शेतात शिरू नये म्हणून! शेतं समुद्रसपाटीच्याही खाली आहेत. पंपानं पाणी उपसून मग पेरणी होते. बोटीतून पाहिलं तर आपण वर आणि भात खाली, असं दिसतं. या शेतीपद्धतीला २०१३ साली संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेनं जागतिक महत्त्वाचा कृषी वारसा म्हणून मान्यता दिली. बाबांना हे नक्की दाखवा. ते बोटवाल्याला भाताबद्दल इतकं विचारतील की तुम्हाला वेगळा गाईड लागणार नाही. मोठी हाऊसबोट अरुंद कालव्यात जात नाही, त्यामुळं दुसऱ्या दिवशी सकाळी तासभर लहान शिकारा बोट घ्या.

दसऱ्याचं म्हणाल तर ऑक्टोबर-नोव्हेंबरात तिकडं परतीचा पाऊस असतो. दुपारनंतर ढग येतात, विजा कडाडतात. बऱ्याच शेतांत तेव्हा पाणी उपसायचंच काम चालू असतं. जमलं तर जानेवारीत जा, हिरवं भात बघायला मिळेल आणि हवाही बरी असेल. मात्र नाताळ ते एक जानेवारी हे दिवस टाळा, दर फार चढतात. मुलांच्या शाळेमुळं दसऱ्यालाच जायचं असेल तर जा, फक्त सगळ्यांचे रेनकोट घ्या आणि सकाळची फेरी चुकवू नका.

सहा जणांना तीन खोल्यांची अख्खी बोट घ्या, दुसऱ्या कुटुंबाबरोबर वाटून नको. एसी दिवसभर आहे की फक्त रात्री नऊ ते सकाळी सहा, ते विचारून घ्या. बऱ्याच बोटींवर तो रात्रीच चालतो. आईंचे गुडघे दुखत असतील तर वरच्या डेकची बोट नको, जिना उभा असतो. धक्क्यावर बोटी एकमेकींना लागून उभ्या असतात आणि कधी कधी दोन बोटी ओलांडून आपल्या बोटीवर जावं लागतं. काठावरून थेट चढता येईल का, हे फोनवरच ठरवा. जेवण भाड्यात असतं. करीमीन मासा केळीच्या पानात भाजून मागा. मुलांना तिखट चालत नसेल तर आचाऱ्याला आधी सांगा, आणि वरण-भात हवा असेल तर तेही सांगा. डासांचं मलम विसरू नका.

सुरक्षेच्या बाबतीत मात्र संकोच करू नका. ७ मे २०२३ रोजी मलप्पुरम जिल्ह्यात तानूरजवळ पर्यटकांची बोट उलटून २२ माणसं गेली, त्यांत बरीच लहान मुलं होती. माणसं क्षमतेपेक्षा जास्त घेतली होती आणि अंधार पडल्यावर बोट पाण्यात होती. पैसे देण्याआधी नोंदणीचा आणि विम्याचा कागद बघा. मुलांच्या मापाची लाइफ जॅकेट आहेत का ते स्वतः हातात घेऊन बघा. कागद दाखवायला कुरकुर करणारा बोटवाला सोडून द्या.

आणखी एक कळकळीची विनंती. त्याच पाण्यात काठावरच्या बायका भांडी घासतात, मुलं पोहतात. शौचालयाचं पाणी कुठं जातं, हे बोटवाल्याला विचारा. टाकीत साठवून प्रक्रिया केंद्रावर नेतो म्हणणाऱ्याला दोन पैसे जास्त द्या. कुरकुऱ्यांची रिकामी पाकिटं पिशवीत भरून परत आणा.

उतरल्यावर वेळ उरला तर अलेप्पीच्या जेट्टीवरून राज्य जलवाहतूक खात्याची कोट्टायमची बोट आहे. अडीचेक तासांचा प्रवास, तिकीट अगदी थोडं. शाळेची पोरं, बाजाराला निघालेल्या बायका त्यातूनच जातात. खिडकीजवळची जागा आईंना द्या.