खांबावरची खाच

प्रिय लेकी,

अनेक आशीर्वाद.

परवा गंगापूर रोडवरच्या तुमच्या गॅलरीत तू जे बोललीस, ते अजून मनातून जात नाही. मावशीकडे म्युनिकला अडीच महिने राहून, रेल्वेने चार देश पाहून तू परतलीस आणि आता कॉलेज सुरू होईपर्यंतचे पाच आठवडे नाशकात कसे काढावेत हे तुला सुचत नाही. तिकडची प्रत्येक गल्ली पाहण्यासारखी होती, इथे पाहण्यासारखे काही नाही, आणि तिकडचेही आता पुसट होत चालले आहे, असे तू म्हणालीस. तुझे खरे दुखणे त्या शेवटच्या वाक्यात आहे, असे मला वाटते.

तू मला पासाऊचा फोटो दाखवलास. दान्यूब, इन आणि इल्त्स या तीन नद्या जिथे मिळतात त्या गावातल्या जुन्या नगरभवनाची भिंत, तिच्यावर एकावर एक पुराच्या रेषा, प्रत्येकीपुढे साल. 2013 साली तिथे पाणी 12.89 मीटरपर्यंत चढले होते. 1501 नंतरचा तो सर्वांत मोठा पूर. मी विचारले, तुझ्या डोक्याच्या लगेच वरची रेषा कोणत्या सालची? तू म्हणालीस, फोटोत असेल, आणि दहा मिनिटे मोबाइल चाळत राहिलीस. मला राग आला, तो तुला दिसलाही असेल. त्याबद्दल मी माफी मागणार नाही. जे पाहिलेस ते त्याच दिवशी, आपल्या हाताने, वहीत उतरवून ठेव. एवढी एकच गोष्ट मला तुला सांगायची आहे.

1987 च्या उन्हाळ्यात खात्याने मला चार महिन्यांच्या प्रशिक्षणासाठी नेदरलँड्समधील डेल्फ्टला पाठवले होते. 1953 च्या समुद्री पुरात त्या देशात 1,836 माणसे गेली, आणि झीलंड प्रांतात त्या पाण्याच्या खुणा लोकांनी जपलेल्या मी पाहिल्या. मी फोटो काढले आणि लिहिले काहीच नाही. याच काळात इकडे भांडीबाजाराजवळचा आमचा वाडा विकला गेला आणि पाडलाही गेला. त्या वाड्याच्या ओसरीवर एक सागवानी खांब होता. 1969 च्या महापुरात पाणी कुठवर आले ते दाखवणारी खाच वडिलांनी त्याच्यावर विळ्याने पाडली होती. अठरा वर्षे मी त्या खाचेसमोरून येत-जात होतो, पण जमिनीपासून तिची उंची एकदाही मोजली नाही. मी परतलो तेव्हा खांब जुन्या लाकडाच्या वखारीत जाऊन पुढे कुठे गेला, हे कोणालाच सांगता येईना. घरात ओसरीवरचा एक फोटो आहे. त्यात खांब स्पष्ट दिसतो, पण खाचेच्या जागी थोरल्या भावाचा खांदा आला आहे.

2008 च्या पुरानंतर पुराचे पाणी कुठवर येऊ शकते ते दाखवणाऱ्या गोदावरीच्या निळ्या आणि लाल पूररेषांचा प्रश्न निघाला, तेव्हा आमच्या कार्यालयात जुन्या पातळ्यांची विचारपूस सुरू झाली. माझ्याजवळ सांगायला एवढेच होते, की पाणी माझ्या छातीइतके होते. नऊ वर्षांच्या मुलाची छाती! साहेब शांतपणे म्हणाले, आकडा सांगा. त्या दिवसापासून मी वही ठेवतो. गंगापूर धरणातून किती क्युसेक विसर्ग सोडला, किती तासांनी होळकर पुलाखाली पाणी चढले, कोणत्या पायरीवर थांबले, हे सगळे तीत आहे. घरचे याला हट्ट म्हणतात, खात्यातले सहकारीही म्हणत. 2 ऑगस्ट 2016 चा पूर मी पायऱ्या मोजत लिहून काढला; त्या पानांसाठी मला कोणी काही म्हटले तरी चालेल.

इथे पाहण्यासारखे काही नाही, असे पुन्हा म्हणू नकोस. पासाऊच्या भिंतीवर जे आहे ते आपल्या गावाने गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या अंगावर मोजले आहे. पाणी गुडघ्याला लागले, कमरेला लागले, छातीला लागले, असे म्हटले की सराफ बाजारातला दुकानदार माल कधी हलवायचा ते ओळखतो. नारोशंकराच्या देवळातली घंटा 1739 मध्ये पोर्तुगीजांकडून वसई जिंकल्यावर आली, म्हणजे तीही परदेशाशी नाते सांगणारी, आणि पाणी त्या घंटेला लागले की महापूर, असे आई सांगत असे. मारुतीच्या कमरेची उंची कोणत्या पायरीशी जुळते, हे तू कधी पाहिलेस का? रामकुंडाजवळून शेकडो वेळा गेली असशील.

तिकडचे पुसट होते आहे म्हणून पुन्हा तिकीट काढण्याचा विचार बाबांपाशी बोललीस, असे कळले. जा, पैसे असतील तर जरूर जा. पण आधी या अडीच महिन्यांतले जे आठवते ते लिहून काढ, तारखेसह, आणि आठवत नाही तिथे जागा कोरी सोड. ती कोरी जागा तुला अवघड वाटेल, मलाही वाटली होती. फोटो पाहून ती भरू नकोस. मावशीला फोन करून विचार, तिकिटे शोध. मी डेल्फ्टबद्दल हे करायला बसलो तेव्हा वीस वर्षे उलटली होती आणि चार महिन्यांची मिळून अकरा पाने झाली. तुझे अजून महिनेही उलटलेले नाहीत.

शुक्रवारी पाऊस उघडला तर सकाळी साडेसहाला होळकर पुलाशी ये. वही, पेन्सिल आणि आईच्या शिवणाच्या डब्यातली टेप घेऊन ये. मोबाइल आणलास तरी पिशवीत ठेव. मारुतीच्या समोरच्या घाटावरून सुरुवात करू. वरच्या पायऱ्या तू मोज, पाण्यालगतच्या निसरड्या आहेत, त्या मी मोजतो.

तुझा,
काका