बाळंतपणानंतर खोकलं की लघवी निसटते. नाशिकमध्ये पेल्विक फ्लोअर (ओटीपोटाच्या तळाशी असलेल्या स्नायूंची) फिजिओथेरपी सांगितलीय, तिथे नक्की काय करतात?

पहिली भेट साधारण पाऊण-एक तासाची. बराच वेळ प्रश्नांतच जातो: टाके पडले होते का, पोट साफ होतं का वगैरे. आधीचे तीन दिवस पाणी-चहा आणि लघवीच्या वेळा वहीत लिहा. पंचवटीहून सातपूरला निघताना ‘असू दे, जाऊन येते’ म्हणून मारलेली फेरीसुद्धा लिहा. त्या सवयीने मूत्राशय थोडं भरलं तरी घाई करायला लागतं.

तपासणी हातमोजा घालून, बोटाने, योनीमार्गातून होते. परवानगी विचारतात, नको असेल तर सरळ नाही म्हणा, बाहेरूनही बरंच कळतं. ‘वायू अडवल्यासारखं आत-वर ओढा’ म्हटलं की बऱ्याच जणींचं चुकतं. श्वास रोखतात, नितंब आवळतात, नाहीतर उलट खालीच जोर देतात.

घरी एका वेळी निदान आठदा आवळायचं, दिवसातून तीनदा, किमान तीन महिने. प्रत्येक वेळी पूर्ण सैल सोडायचं, आणि शिंक यायच्या क्षणभर आधी आवळायचं. लघवी मध्येच अडवून सराव मात्र नको.

संबंधांच्या वेळी दुखत असेल तर आधीच सांगा. स्नायू ताठलेले असले तर आवळण्याने त्रास वाढतो, मग आधी सैल करायलाच शिकवतात. लघवीत रक्त दिसलं तर मात्र आधी डॉक्टर.