अस्वलासाठी रिव्हॉल्व्हर, तेही क्रेडिट कार्डावर?

ताई, तुमचा मेल दोनदा वाचला. अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात बोझमनच्या बाहेर दोन एकरात घर, ७ आणि ४ वर्षांची पोरं, परसात आठ कोंबड्या, आणि ऑक्टोबरात ग्रिझली अस्वल येऊन कचऱ्याचा डबा उलथापालथा करून गेलं. मिस्टरांना .४४ मॅग्नम रिव्हॉल्व्हर हवंय, १,४०० डॉलर, कार्डावर, २४ टक्के व्याजाने. तुम्ही म्हणताय बारा बोअरची शॉटगन ५०० मध्ये येते, आणि बँकेत अडीनडीचे ६,००० पडलेत त्यातून घेऊ का.

दोघांचं ग्रीन कार्ड आहे म्हणालात म्हणून पुढे बोलतो, एच-वन-बीवर असता तर शिकारीच्या लायसनसारखे थोडे अपवाद सोडले तर बंदूक जवळ ठेवणंच फेडरल कायद्याने गुन्हा. आणि हो, सासूबाई टुरिस्ट व्हिसावर येणार ना उन्हाळ्यात, त्यांच्या हातात फोटोपुरतीसुद्धा देऊ नका.

आता हिशोब. रिव्हॉल्व्हर १,४००, पण घरात लहान पोरं म्हणजे पक्की लोखंडी तिजोरी आलीच, ३०० धरा, बंदूक चालवायचा क्लास २००, छातीवर बांधायचं होल्स्टर १२०, कानाचे मफ ५०, आणि खरा खर्च काडतुसांचा, महिन्याला पन्नास जरी झाडली तरी वर्षाला ६०० सहज. म्हणजे पहिल्याच वर्षी २,६७० आणि ते कार्डावर राहिले तर व्याजाचे वर साडेसहाशेच्या आसपास. मिस्टर म्हणतील एवढी प्रॅक्टिस कशाला, तर मग घेऊच नका. चवताळलेलं अस्वल अंगावर यायला दोन-तीन सेकंद पुरतात आणि .४४ चा झटका असा असतो की नवख्याची दुसरी गोळी कुठे जाईल सांगता येत नाही. शॉटगनला निदान साधी स्वस्त काडतुसं वापरून हात बसवता येतो, अस्वलासाठीची स्लग, म्हणजे एकच जड गोळी असलेलं काडतूस, महाग, ती थोडीच झाडायची. गावाकडे रानडुकरांसाठी बारा बोअर असायची तशीच ही, त्यामुळे दोघांत निवडायचं तर माझं मत तुमच्या बाजूने. (घरात सांगू नका मी म्हणालो म्हणून.)

पण माझ्या यादीत दोन्ही बंदुका खाली आहेत. बेअर स्प्रेचा कॅन साधारण ४५ डॉलरला, चारेक वर्षं टिकतो, तीसेक फुटांवर मिरचीचा ढगच उभा करतो. अलास्कातल्या खऱ्या घटना गोळा करून २००८ साली एक अभ्यास छापून आला, त्यात ग्रिझलीच्या जातीच्या अस्वलांवर स्प्रे ९२ टक्के वेळा चालला. त्याच मंडळींनी २०१२ मध्ये बंदुकांचा हिशोब मांडला तर हँडगन ८४ टक्के, लांब नळीची ७६ टक्के. आकडे एकास एक लावू नका, नोंदी वेगवेगळ्या प्रकारच्या आहेत, पण ज्यांनी बंदूक वापरली आणि ज्यांनी हातात असून वापरली नाही त्यांच्या जखमांत काही फरक दिसला नाही, हे मला जास्त बोलकं वाटतं. शिवाय ग्रिझली तिकडे १९७५ पासून संरक्षित आहे, जीव वाचवायला मारली तर चालतं पण लगेच कळवावं लागतं आणि चौकशी होते. कोंबडी वाचवायला मारली तर वकिलाची फी रिव्हॉल्व्हरपेक्षा मोठी.

मुळात अस्वल तुमच्यासाठी नाही आलं हो, खरकट्यासाठी आलं. अस्वलाला न उघडणारा डबा २८० च्या आसपास, खुराड्याभोवती विजेचं कुंपण ४५० धरा, दोन स्प्रे ९०, सरावाचा बिनमिरचीचा कॅन २५. सगळे मिळून ८४५. हे अडीनडीच्या पैशातून काढायला माझी हरकत नाही, कार्ड नको. कुंपणाचा अर्धा खर्च देणाऱ्या संस्था तिकडे आहेत, राज्याच्या वन्यजीव खात्याला फोन करून विचारा, लाजू नका.

आणि तुम्ही सहज लिहून गेलात की मिस्टर रोज ६० मैल बर्फातून गाडी चालवतात आणि आयुर्विमा फक्त कंपनीचा, एका वर्षाच्या पगाराएवढा. ताई, माझी झोप ह्या वाक्याने उडाली, ग्रिझलीने नाही. टर्म इन्शुरन्सचा फॉर्म ह्याच महिन्यात भरा.

शॉटगन नकोच असं नाही. दर महिन्याला १५० बाजूला टाका, आधी दोघांनी क्लास करा आणि रेंजवर भाड्याची झाडून बघा, मग पुढच्या दिवाळीपर्यंत तिजोरीसकट रोखीने घ्या. आत्ता डिसेंबर आहे, अस्वलं गुहेत गेलीत, मोठे नर मार्चच्या मध्यापासून बाहेर पडायला लागतात, तोवर कुंपणात वीज खेळली पाहिजे.