कंपवात असलेल्या वडिलांना संगणकावर बोलून मराठीत लिहिता येईल का?

वडील ७६ वर्षांचे, निवृत्त शिक्षक, कंपवातामुळे पेन धरता येत नाही, घरात विंडोज ११ असलेला लॅपटॉप आहे आणि त्यांना आठवणी लिहून काढायच्या आहेत, असं तुम्ही विचारलंय. येईल, नक्की येईल. माझ्या आईलाही कंपवात आहे. गेल्या दीड वर्षात तिने असंच बोलून शंभरावर पानं लिहिली आहेत. मी स्वतः अनुवादाचं काम करते आणि मनगट दुखायला लागल्यापासून माझाही पहिला खर्डा बोलूनच होतो.

आधी माइकचं बघा. सगळे पहिल्यांदा सॉफ्टवेअर कोणतं ते विचारतात, पण तुमच्या बाबतीत माइक जास्त महत्त्वाचा. या आजारात बऱ्याच जणांचा आवाज हळूहळू बारीक आणि एकसुरी होतो, आणि बोलणाऱ्याला स्वतःला ते जाणवतही नाही. लॅपटॉपमधला माइक तोंडापासून हात-दीड हात लांब असतो, त्यामुळे पंख्याची घरघर आणि माणसाचा आवाज त्याला सारखेच. आम्ही पहिले आठ दिवस तसंच केलं. अर्धी अर्धी वाक्यं गळायची. आईला वाटायचं आपलंच बोलणं बिघडलंय, आणि ती हिरमुसून उठून जायची. मग डोक्यावर बसणारा, तोंडाशी माइकची दांडी येणारा यूएसबी हेडसेट आणला आणि त्याच दिवशी फरक पडला. माइक ओठांच्या थेट समोर ठेवू नका, श्वास त्यावर आदळतो. ओठांच्या कोपऱ्याजवळ, दोन बोटं अंतरावर ठेवा. ब्लूटूथचे इअरफोन शक्यतो नकोत. माइक वापरायला लागलं की त्यांच्या आवाजाचा दर्जा उतरतो.

आता लिहायचं कशात? सुरुवात गुगल डॉक्समध्ये करा. क्रोममध्ये नवीन डॉक्युमेंट उघडा, वरच्या टूल्स मेनूत व्हॉइस टायपिंग आहे. डावीकडे माइकचं चित्र येतं, त्याच्यावरच्या भाषांच्या यादीतून मराठी निवडा, चित्रावर क्लिक करा. पहिल्यांदा क्रोम माइकची परवानगी मागेल, ती द्या. चित्र लाल झालं की बोलायला लागा. गुगलने बोलून लिहिण्याच्या सोयीत मराठी २०१७ साली आणली, माझं त्यावरचं काम अनेक वर्षांचं आहे.

दुसरी सोय विंडोजमध्येच आहे. सेटिंग्जमध्ये टाइम अँड लँग्वेजखाली मराठी भाषा जोडा, विंडोजचं बटण आणि स्पेसबार एकत्र दाबून कीबोर्ड मराठीवर आणा, मग विंडोज आणि एच एकत्र दाबा. कर्सर जिथे असेल तिथे बोललेलं उमटतं, मग ते वर्ड असो की व्हॉट्सअॅप. पत्रं, निरोप यांना हे बरं. दोन्हींना इंटरनेट लागतं, कारण आवाज कंपनीच्या सर्व्हरवर जाऊन तिथे त्याचे शब्द होतात. वडिलांना हे आधी सांगून ठेवा. घरातली एखादी नाजूक गोष्ट असेल तर ती अशी बोलायची की नाही, हे त्यांनी ठरवावं.

विरामचिन्हांनी आम्हाला फार छळलं. इंग्रजीत ‘फुल स्टॉप’ म्हटलं की टिंब पडतं, पण डॉक्समध्ये मराठीतून ‘पूर्णविराम’ म्हटलं की तो शब्दच टाइप होतो. मग आम्ही त्याचाच उपयोग करून घेतला. आई प्रत्येक वाक्याच्या शेवटी ‘पूर्णविराम’ म्हणते. शेवटी मी कंट्रोल आणि एच दाबून शोधा-बदला उघडते, ‘पूर्णविराम’ हा शब्द त्याच्या आधीच्या मोकळ्या जागेसकट शोधायला लावते आणि सगळीकडे टिंब घालते. शिक्षक असलेल्या माणसाला ही सवय दोन दिवसांत लागेल, शुद्धलेखन घालताना आयुष्यभर तेच तर केलंय त्यांनी! नेहमी चुकणारे शब्दही मी असेच बदलते. आमच्याकडे ‘माजघर’चं दर वेळी ‘माझं घर’ व्हायचं, त्याची आता एका कागदावर यादीच आहे.

त्यांना एकट्याला बसवू नका. बोलताना मध्ये थोडं जास्त थांबलं की माइक बंद होतो, दुसऱ्या टॅबवर गेलं तरी बंद होतो, आणि कंपवातात शब्द सुचून तोंडातून निघेपर्यंत वेळ लागतो. शेजारी कुणीतरी बसून फक्त माइकवर लक्ष ठेवावं, पुन्हा क्लिक करावं. पण त्यांच्यासमोर चुका दुरुस्त करू नका, आणि शक्य असेल तर त्यांना स्क्रीन दिसूच देऊ नका. चुकीचा शब्द दिसला की माणूस तिथेच अडतो आणि सांगत असलेली गोष्ट निसटते. वेळही बघून ठरवा. गोळीचा परिणाम चांगला असतो तेव्हा आईचा आवाज मोकळा निघतो, म्हणून आम्ही सकाळी साडेदहाला बसतो, वीस मिनिटं, ताठ पाठीच्या खुर्चीत.

आणि एक गोष्ट अगदी पहिल्या दिवसापासून करा: शेजारी मोबाइल ठेवून सगळं रेकॉर्ड करा. माझी आई रत्नागिरीकडची. ती ‘आजीनं सांगितलंन’, ‘त्यानं आणलंन’ असं बोलते. संगणक तो शेवटचा ‘न’ गाळून टाकतो आणि सरळ ‘सांगितलं’, ‘आणलं’ लिहितो. पहिली चाळीस पानं झाल्यावर हे माझ्या लक्षात आलं. तोवरचं रेकॉर्डिंग नव्हतं, तिथला ‘न’ गेला तो गेलाच. आता मी रेकॉर्डिंग ऐकत एकेक ‘न’ परत बसवते. वेळ जातो, पण ते तिचं बोलणं आहे.

पुढे छापायचं ठरलं तर हा मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे आता सगळीकडे चालणाऱ्या अक्षरांच्या पद्धतीत असतो. छापखान्याने श्रीलिपीत, म्हणजे छपाईच्या जुन्या फॉन्टमध्ये मागितला तर रूपांतर करून मिळतं, पण जोडाक्षरं नंतर एकदा डोळ्यांखालून घाला.

हेडसेट घेण्याआधी तुमच्या लॅपटॉपला यूएसबीची कोणती खाच आहे, जुनी रुंद की नवी लहान, तेवढं बघून इथे लिहा. तसा कोणता घ्यायचा ते सांगते.