गायनॅकसाठी मुंबईतलं मोठं कॉलेज घ्यावं की नवी मुंबईतलं दोन सीटचं डीएनबी?

दोन सीटचं घ्या, म्हणजे वर्षाला दोनच विद्यार्थी घेणाऱ्या हॉस्पिटलातलं डीएनबी (एमएसच्या बरोबरीची पीजी डिग्री). पीजी प्रवेशाचा रँक दोन्हीकडे पोचतोय आणि घर ठाण्यात आहे, एवढं तुम्ही लिहिलंय. तेवढ्यावर माझं हेच उत्तर. "लहान ठिकाणी हात बसत नाही" असं सीनियर म्हणाले म्हणता. हे वाक्य मी लग्न झाल्यापासून घरात ऐकतेय. आमचे मोठे भाऊजी ऑर्थोवाले, मुंबईतल्या मोठ्या कॉलेजचे. गणपतीत सगळे जमले की विषय निघतोच: "डीएनबी म्हणजे नर्सिंग होमचं शिक्षण."

मी नवी मुंबईतल्या अशाच एका लहान हॉस्पिटलात डीएनबी केलं. सेकंड इयरला होते. तुर्भ्याहून आलेली बाई, तिसरं बाळंतपण. डिलिव्हरी व्यवस्थित झाली, वार पूर्ण पडली, पण युटेरस (गर्भाशय) काही टाइट होईना, रक्त वाहतच राहिलं. आमच्या कन्सल्टंट मॅडम घरून आल्या, ग्लोव्ह्ज चढवले, शेजारी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "तू कर, मी आहे." ऑक्सिटोसिन चालू, कार्बोप्रॉस्ट दिलं (दोन्ही गर्भाशय आवळणारी औषधं), एक मूठ आत आणि दुसऱ्या हाताने पोटावरून दाब. माझा हात कोपरापर्यंत बधिर झाला तरी त्यांनी पेशंटला हात लावला नाही; सिस्टरला बीपी तेवढं विचारत राहिल्या. शेवटी आतून दाब देणारा बलून गर्भाशयात टाकला, मग रक्त थांबलं.

बाई सावरल्यावर मी नोट्स लिहायला बसले, तर मॅडम म्हणाल्या, ब्लड लॉस अंदाजाने लिहायचा नाही. रक्त टिपलेले सगळे मॉप (कापडी पॅड) काट्यावर ठेवायला लावले. ओल्याचं वजन वजा कोरड्याचं, 1 ग्रॅम म्हणजे साधारण 1 मिली. डोळ्यांना दिसतं त्यापेक्षा रक्त नेहमी जास्तच गेलेलं असतं, हे मी त्या काट्यावर शिकले. आज ठाण्यातल्या माझ्या लेबर रूममध्ये काटा असतोच.

भाऊजींच्या कॉलेजात त्या रात्री सेकंड इयरची मुलगी ब्लड बँकेत पळाली असती. टेबलाशी लेक्चरर, त्यांच्या मागे थर्ड इयर, त्यांच्या मागे ती. युनिट मोठं म्हणजे रांग मोठी. केस बघणं आणि केस करणं यातला फरक भाऊजींना इतक्या वर्षांत पटलेला नाही, पण तुम्हाला तरी पटावा.

आणि सीट म्हणजे पेशंट नव्हेत. कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात मुंब्रा, भिवंडी, शहापूरकडून बायका येतात. तिथला लोड सीटच्या आकड्यावरून कळणारच नाही. एका रेसिडेंटच्या वाट्याला किती सिझेरियन येतात ते विचारा. सेकंड इयरच्या मुलांना एकटं गाठून त्यांचं लॉगबुक (केलेल्या केसेसची वही) बघा, आणि रात्री कॉल केला की कन्सल्टंट येतात की फोनवरच सांगतात, हेही विचारा. फोनवर सांगणारे असतील तर दोन सीटचं अजिबात घेऊ नका.

हो, ऑन्को (कॅन्सर) किंवा फीटल मेडिसिनमध्ये (पोटातल्या बाळाचे उपचार) जायचं असेल तर मोठंच कॉलेज बघा. तसल्या केसेस आमच्याकडे वरचेवर येत नव्हत्या. पुढे कॉलेजात शिकवायचं असेल तर डीएनबीवाल्यांसाठी एनएमसीचे (राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचे) नियम आधी वाचा. थिसिसचा गाइड कोण आहे तेही बघून ठेवा, थिसिस मंजूर झाल्याशिवाय डिग्री हातात पडत नाही.