चिऱ्याची भिंत की तारेची जाळी? कर्ज काढण्याआधी जागा मोजून घ्या

प्रश्न थोडक्यात असा : संगमेश्वर तालुक्यात आमचे घर आणि त्याभोवती सहा गुंठ्यांची बिगरशेती जागा आहे (६६ फूट बाय ९९ फूट). जागा वडिलांच्या नावावर असून आई-वडील तेथेच राहतात. गेल्या वर्षी लावलेल्या वीस कलमांपैकी चौदा कलमे मोकाट गुरांनी खाल्ली, त्यामुळे आता कुंपण करायचेच आहे. गवंड्याने चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) पाच फुटी भिंतीला फाटकासह ३ लाख ६० हजार सांगितले आहेत. सिमेंटचे पोल आणि तारेची जाळी यांचे काम ठेकेदार १ लाख ४० हजारांत करून देतो, आणि मी व माझा पुण्यातला भाऊ मिळून दिवाळीच्या सुट्टीत ते स्वतः केले तर माझ्या हिशेबाने ६२ हजारांत होते. बँक मला १३ टक्क्यांनी चार वर्षांसाठी वैयक्तिक कर्ज द्यायला तयार आहे. हातात येणारा पगार ५८ हजार, गृहकर्जाचा हप्ता १४,५००, घरखर्च ३३ हजार, एसआयपी ६ हजार, मुदत ठेव २ लाख १० हजार आणि दिवाळीचा बोनस ४५ हजार, अशी माझी स्थिती आहे. ‘एकदाच काय ते पक्के करावे’ असे वडिलांचे मत आहे. काय करावे?

उत्तर :

तुमच्या वडिलांचे म्हणणे चुकीचे नाही. चांगला जांभा आणि नीट बसवलेला पाया असेल तर चिऱ्याची भिंत पुढची पिढीही पाहते. मात्र ती कोणाच्या पैशाने आणि कोणत्या वर्षी बांधायची, हा प्रश्न भिंतीच्या मजबुतीपेक्षा वेगळा आहे, आणि माझे उत्तर त्याच प्रश्नापुरते आहे.

३ लाख ६० हजारांचे कर्ज १३ टक्क्यांनी ४८ महिन्यांसाठी घेतले, तर महिन्याचा हप्ता सुमारे ९,६५८ रुपये येतो आणि चार वर्षांत तुम्ही एकूण ४ लाख ६३ हजार ५८० रुपये भरता. म्हणजे नुसते व्याजच १ लाख ३ हजार ५८० रुपये होते, प्रक्रिया शुल्क वेगळे. सध्या तुमच्या पगारातून सगळे खर्च आणि एसआयपी वजा जाता महिन्याला ४,५०० रुपये उरतात. नवा हप्ता सुरू झाला की एसआयपी पूर्ण थांबवूनही हातात ८४२ रुपये राहतील, आणि दोन्ही हप्ते मिळून पगाराच्या जवळजवळ ४२ टक्के रक्कम दर महिन्याला बँकेकडे जाईल. ज्या घरात आई-वडील वयस्क आहेत आणि कमावणारा एकच आहे, त्या घराला एवढी ओढाताण मी कुंपणासाठी सुचवणार नाही.

मुदत ठेव मोडण्याचा मार्गही मी बंदच धरतो. हप्त्यासह तुमचा महिन्याचा अटळ खर्च ४७,५०० रुपये आहे, त्यामुळे सहा महिन्यांची शिल्लक धरायची तर २ लाख ८५ हजार हवेत. तुमची ठेव आजच त्यापेक्षा ७५ हजारांनी कमी आहे.

आता स्वतः करण्याच्या पर्यायाकडे येतो. हा पर्याय मला पसंत आहे, पण तुमचा ६२ हजारांचा अंदाज मला पटत नाही. तुम्ही जाळीचे १६ हजार, चाळीस पोलांचे १४ हजार, सिमेंट-वाळू-खडीचे १० हजार आणि लोखंडी फाटकाचे २२ हजार धरले आहेत. दुकानदाराने दिलेल्या कागदावर जाळी ‘१२ गेज’ लिहिली आहे, आणि सगळी गोम तेथेच आहे. गेजचा आकडा जितका मोठा तितकी तार बारीक असते : १० गेजची तार सव्वातीन मिलिमीटरची, तर १२ गेजची २.६४ मिलिमीटरची. फरक नखाएवढाही दिसत नाही, परंतु वजनात तो एक तृतीयांश पडतो. तीन इंची चौकटीची, पाच फूट उंच आणि पन्नास फूट लांब गुंडाळी १० गेजची असेल तर ती चाळीस किलोच्या पुढे भरते आणि १२ गेजची असेल तर अठ्ठावीस-तीस किलोतच आटोपते. त्यामुळे फुटावर भाव सांगणारा दुकानदार स्वस्त वाटतो आणि किलोवर सांगणारा महाग, पण दोघांचा माल एकच नसतो. पावतीवर गेज, चौकटीचे माप आणि वजन ही तिन्ही लिहून घ्या आणि गुंडाळी समोर काट्यावर चढवा. कोकणातल्या पावसात जस्ताचा थर विरला की बारीक तार लवकर तुटते, म्हणून येथे ८,५०० रुपये जास्त देऊन १० गेजच घ्यावी.

दुसरी चूक कोपऱ्यांची आहे. ३३० फुटांच्या परिघातून बारा फुटांचे फाटक वजा केले आणि दर आठ फुटांवर पोल धरला की चाळीस हा आकडा बरोबर येतो, परंतु ताणलेली जाळी कोपऱ्यातला पोल सतत आत ओढत असते, आणि त्याला दोन्ही बाजूंनी तिरके टेकू दिले नाहीत तर पहिल्याच पावसाळ्यात माती भिजली की तो झुकतो. चार कोपऱ्यांचे आठ आणि फाटकाजवळचे दोन असे दहा पोल वाढवा. टेकू आणि गाडीभाडे मिळून पोलांचा खर्च १९ हजारांवर जाईल. जाळीत ओवायच्या ताणाच्या तारा आणि वरच्या दोन काटेरी ओळी यांना ४ हजार, वाढीव काँक्रीट धरून सिमेंट-वाळू-खडीला १२,३००, फाटकाच्या चिऱ्याच्या दोन खांबांना ८ हजार, आणि पन्नास खड्डे मजुरांकडून काढून घेण्याचे ७,५०० रुपये धरा. एकूण ९७,३०० होतात. ही रक्कम तुमच्या अंदाजाच्या दीडपट आहे, तरीही कर्जावरच्या नुसत्या व्याजात हे अख्खे कुंपण उभे राहून सहा हजार उरतात.

खड्डे मजुरांकडून का, असे तुम्ही विचाराल. तुम्ही डोंबिवलीत खुर्चीवर बसून काम करता असे पत्रात लिहिले आहे, आणि तुमच्या जागेच्या मागच्या अंगाला कातळ लागतो असेही लिहिले आहे. दोन फूट खोल खड्डा जांभ्यात पहारेने काढणे हे सुट्टीत हौसेने करण्याचे काम नव्हे. पाठ धरली तर सुट्टी संपेल आणि पोल अंगणात आडवे राहतील. पोल उभे करणे, काँक्रीट भरणे आणि जाळी ताणणे एवढे मात्र दोघा भावांना सहज जमते. ठेकेदाराच्या तुलनेत तुमचे ४२,७०० रुपये वाचतात. दोघांचे आठ-आठ दिवस धरले तर माणशी रोज सुमारे २,६७० रुपये पडतो. दिवाळीच्या सुट्टीत हा रोज उत्तम आहे. बिनपगारी रजा टाकून केले तर मात्र तुमचा एका दिवसाचा पगारच २,२०० च्या वर असल्याने बचतीचा मोठा भाग तेथेच विरेल. म्हणून जेवढे काम सुट्टीत होईल तेवढेच करावे, उरलेले पुढच्या सुट्टीवर टाकावे, रजा वाढवू नये.

वेळही दिवाळीचीच बरोबर आहे. पाऊस नुकताच सरलेला असतो आणि माती अजून ओलसर असते. तीच तांबडी माती मार्चमध्ये दगडासारखी होते. आधी चारही कोपऱ्यांचे पोल ओळंब्यात उभे करा, दोरी बांधा आणि मग मधले पोल दोरीला लावा. सात फुटी पोल दोन फूट जमिनीत गेला की वर बरोबर पाच फूट राहतो. काँक्रीट एकास दोनास चार (सिमेंट, वाळू, खडी) या प्रमाणात घाला आणि आठवडाभर पाणी मारल्याशिवाय जाळी ताणू नका. दिवाळीत घाई होते ती याच ठिकाणी. शक्य असेल तर भावाने आठवडाभर आधी येऊन मजुरांसह पोल उभे करून घ्यावेत आणि जाळीच्या वेळी तुम्ही पोचावे. दोन गुंडाळ्या जोडताना बाइंडिंग वायरने बांधू नका. एका गुंडाळीच्या टोकाची नागमोडी तार फिरवत बाहेर काढा आणि दोन्ही कडा शेजारी धरून तीच तार पुन्हा फिरवत आत घाला, म्हणजे सांधा दिसतही नाही आणि सुटतही नाही. रानडुक्कर जाळी खालून उचलते, म्हणून खालची ताणाची तार जमिनीलगत घेऊन जुन्या गडग्याचे (दगड रचून केलेल्या बांधाचे) दगड जाळीच्या पायथ्याशी रचावेत. ते तुमच्याकडे फुकट पडले आहेत. वानरांना मात्र हे कुंपण अडवणार नाही, तुमची चिऱ्याची भिंतही अडवणार नाही, तेव्हा त्या आशेवर एक रुपयाही वाढवू नका. घरातल्या मीटरवरून तारेत करंट सोडण्याचा सल्ला गावात कोणीतरी देईलच. तो बेकायदा आणि जीवघेणा आहे, त्याकडे दुर्लक्ष करावे.

मात्र हे सगळे करण्याआधी एक खर्च येतो, जो तुमच्या तिन्ही अंदाजांत नाही. ‘जुना गडगा आहेच, त्यामुळे मोजणीत पैसे घालवायची गरज नाही,’ असे तुम्ही लिहिले आहे. जुना गडगा ही हद्द असतेच असे नाही; पूर्वी दगड जिथे सोयीचे पडले, तिथे तो रचला गेला. आमच्या स्वतःच्या गावी वडिलांनी गडग्याच्या ओळीने पोल घातले, दोन वर्षांनी शेजाऱ्यांनी मोजणी आणली आणि एका बाजूचे अकरा पोल काँक्रीटच्या गोळ्यांसह उपटावे लागले. पैसे गेले ते गेले, शेजारच्या घरचे गणपतीचे बोलावणेही चार वर्षे बंद होते. तालुक्याच्या उपअधीक्षक भूमी अभिलेख कार्यालयात हद्द कायम मोजणीचा अर्ज वडिलांच्या सहीने करा. लगतच्या धारकांना नोटिसा जातात, भूकरमापक हद्दीच्या खुणा दाखवतो आणि मोजणीच्या नकाशाची ‘क’ प्रत मिळते. ती हातात आल्यावरच पोलांची ऑर्डर द्या. मोजणीची तारीख दिवाळीच्या आत मिळाली नाही, तर कुंपण पुढच्या सुट्टीवर ढकला, पण हा क्रम बदलू नका.

मागच्या अंगाने शेजारी आपल्या शेतात जातात असा उल्लेख तुम्ही ओझरता केला आहे. तो महत्त्वाचा आहे. शेताकडे जाणारी वहिवाटीची वाट अडवली तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाखाली तहसीलदारांकडे दावा जातो आणि अडथळा काढण्याचा आदेश होऊ शकतो. त्यांच्याशी आधीच बोला आणि तेथे चार फुटांचे कवाड ठेवा.

जागा वडिलांची आहे, मग खर्च एकट्याचा का? उद्या वाटणी झाली तर कुंपण दोघांच्याही वाट्याला येईल, पण कर्जाचे हप्ते मात्र तुमच्या एकट्याच्या खात्यातून गेलेले असतील. भावाबरोबर खर्च निम्मा-निम्मा ठरवा. त्याची आज ऐपत नसेल तर तुम्ही किती घातले याची तारीखवार नोंद वडिलांसमोर एका वहीत करून दोघांनी सही करावी. आप्तांमध्ये हे अवघड वाटते, पण वहीतली नोंद आज दहा मिनिटांत होते. साहित्याच्या पक्क्या पावत्याही त्याच वहीत ठेवा. पुढे मालमत्ता विकण्याची वेळ आली, तर भांडवली नफा काढताना सुधारणेचा खर्च दाखवण्यासाठी त्या लागतात.

पैशाची जुळणी मी अशी करीन. या दिवाळीला दोन लांब बाजू आणि मागची बाजू, अशा २६४ फुटांचे काम करा. त्याला जाळीच्या सहा गुंडाळ्या धरून सुमारे ५९ हजार लागतील. बोनसचे ४५ हजार आणि आजपासून तीन महिने बाजूला काढलेले १३,५०० मिळून ५८,५०० होतात, म्हणजे भावाने काही दिले नाही तरी एवढे काम कर्जाशिवाय भागते. मोजणीचे शुल्क त्याने भरावे. पुढची बाजू आणि फाटक यांचे सुमारे ३८ हजार पुढच्या वर्षीच्या बोनसमधून जातील. पुढची बाजू उघडी असताना कलमे लावली तर गुरे समोरून येतील, अशी शंका तुम्हाला येईल आणि ती रास्त आहे. त्यासाठी पुढच्या बाजूला वर्षभर काट्यांची वई (काटेरी फांद्यांचे कुंपण) आणि बांबूचे बेडे (साधे फाटक) चालेल. तुमच्या आजोबांच्या काळी सगळ्या बाजूंना तेच होते आणि वडिलांना ते अजून बांधता येत असेल.

जाळी कधीतरी बदलावी लागेल, हे मी नाकारत नाही. पोल मात्र तेच राहतील. कुंपण पूर्ण झाल्यावर महिन्याला ५०० रुपयांचे आवर्ती खाते उघडा आणि मुदत संपली की नवे सुरू करा. ६ टक्के दराने दहा वर्षांत त्याचे सुमारे ८२ हजार होतात आणि त्यातून आजच्या भावाने जाळी तीन वेळा बदलता येईल. शिवाय जाळीच्या आतल्या बाजूने पहिल्या पावसात गिरिपुष्पाच्या फांद्या हात-दीड हाताच्या अंतराने रोवा. फांद्या शेजाऱ्यांकडे मागितल्या तरी मिळतात, आणि छाटलेला पाला कलमांच्या आळ्यात खत म्हणून पडतो.

वडिलांना चिऱ्याची हौस असेल, तर गृहकर्ज फिटल्यावर फक्त रस्त्याकडची ६६ फुटांची बाजू चिऱ्यात बांधा. मागच्या उताराच्या बाजूला मात्र तेव्हाही भिंत घालू नका. वरून येणारे पाणी जाळीतून निघून जाते, भिंतीला ते भोके ठेवूनही रेटत राहते. बँकेच्या कर्जाच्या प्रस्तावाला तुम्ही अजून होकार कळवला नसेल, तर तो कळवू नका.