मासा भाजायला पाऊण तास; घड्याळ उलटं मोजा

वाचकांचे प्रश्न : दुचाकी आणि प्रवास

प्रश्न : डिसेंबरात आम्ही दोघे मेक्सिकोतल्या तेपिक शहरात असू. भाड्याच्या २५० सीसी गाडीवर सान ब्लासला जाऊन मासे खायचे आणि त्याच दिवशी परतायचं, असा बेत आहे. नकाशात जेमतेम सत्तर किलोमीटर दिसतात. आरामात जेवणाच्या वेळी, बाराच्या सुमाराला निघालो तर?

बाराला निघू नका. अंतर खरंच तेवढंच आहे, पण हा दिवस किलोमीटरवर ठरत नाही. तो संध्याकाळपासून मागे मोजत यायचा.

डिसेंबरात तिथे साडेपाचच्या आतच सूर्य मावळतो. अंधार पडला की गावाबाहेरच्या रस्त्यावर गायी, बिनदिव्याच्या सायकली आणि न दिसणारे खड्डे असतात, म्हणून उजेडात तेपिक गाठायचं. सान ब्लासची आणखी एक अडचण म्हणजे हेहेन. डोळ्यांना धड न दिसणारी ही चावरी चिलटं खारफुटीतून दिवस कलताना आणि पहाटे बाहेर पडतात. जाळीच्या रायडिंग पँटमधूनही चावतात आणि खाज कित्येक दिवस जात नाही. तेव्हा साडेतीनला किनारा सोडा.

आता मागे या. इथला नावाजलेला सारांदेआदो मासा मागणी दिल्यावर निखाऱ्यावर चढतो. मोठा असेल तर ताटात यायला पाऊण तास धरा. साडेबाराला मागणी, सव्वाला मासा, अडीचपर्यंत जेवण. उरलेल्या तासात टेकडीवरचं जुनं कोंतादुरिया, म्हणजे वसाहतकाळातली हिशेबकचेरी, पाहून होईल. १७६८ साली वसवलेलं हे बंदर वरून झाडीत बुडाल्यासारखं दिसतं. याचा अर्थ, वाटेतले थांबे धरून तेपिकहून साडेनऊला गाडी सुरू झाली पाहिजे.

ग्वादालाहाराहून येत असाल तर एक गोम आहे. तिथल्या हालिस्को राज्याचं घड्याळ नायारितच्या, म्हणजे तेपिक आणि सान ब्लास ज्या राज्यात आहेत त्याच्या, एक तास पुढे असतं. फोन आपोआप बदलतो, मनगटावरचं घड्याळ बदलत नाही.

प्रश्न : जाताना आणि येताना एकच रस्ता घ्यावा की वेगळा?

वेगळा. जाताना १५ क्रमांकाच्या लिब्रे, म्हणजे बिनटोलच्या महामार्गाने उत्तरेला उतरा आणि सान ब्लासच्या फाट्यावर डावीकडे ७४ क्रमांकाचा रस्ता धरा. कुओता, म्हणजे टोलचा रस्ताही आहे. वेळ वाचतो, पण पाहण्यासारखं काही नाही. घेतलाच तर टोलची पावती जपा, त्या रस्त्यावरच्या विम्याचा पुरावा तीच असते.

परतताना मातांचेनच्या उपसागराकाठून निघून हाल्कोकोतानमार्गे डोंगर चढा. सगळा फेरा दीडशे किलोमीटरच्या आसपास होतो. तेपिक समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरवर आहे. डोंगरातल्या सावलीच्या वळणांवर ओल आणि केळीचा पाला असतो. असा रस्ता उतरण्यापेक्षा चढणं बरं, कारण चढताना वेग नुसत्या थ्रॉटलवर आवरतो, ब्रेकला हात लावावा लागत नाही. शिवाय सकाळी पश्चिमेकडे आणि दुपारी पूर्वेकडे जाताना ऊन तुमच्या पाठीशी राहतं. समोरून येणाऱ्याच्या मात्र ते डोळ्यांवर असतं, त्याला तुम्ही दिसत नाही. हेडलाइट दिवसभर चालू ठेवा.

मातांचेनला रस्त्याकडेच्या टपऱ्यांवर केळ्याचा पाव मिळतो. आणि हो, त्या भागात फणसाच्या बागा आहेत! तिथे त्याला याका म्हणतात. सोललेले गरे पिशवीत मिळतात. अख्खा फणस कॅरियरवर बांधायचा मोह टाळा, वळणांवर गाडीचा तोल जातो.

प्रश्न : तोपे म्हणजे साधे गतिरोधकच ना? त्यांचा एवढा बाऊ का?

कारण ते कुठे असतील याचा नेम नाही. प्रत्येक गावाच्या तोंडाशी, शाळेपाशी, कधी एखाद्या टपरीसमोर. पुष्कळदा पाटी नाही, रंग उडालेला, वर झाडाची सावली. उंचीलाही ताळतंत्र नाही. गाव दिसलं की ताशी ३०वर या.

चूक होते ती ब्रेक दाबलेलाच ठेवून वर चढल्याने. पुढचा ब्रेक दाबला की फोर्क (पुढच्या चाकाचं सस्पेन्शन) आधीच खाली बसतो, धक्का गिळायला जागा उरत नाही आणि दणका रिमला आणि हँडलला बसतो. आधी सरळ रेषेत वेग कमी करा, टेकाडाला चाक लागायच्या क्षणी ब्रेक सोडा, दोघांनीही फुटरेस्टवर किंचित उठा. मागे माणूस असेल तर मागच्या शॉकचा प्रीलोड (स्प्रिंगवरचा ताण) निघायच्या आधीच दोन खाचा वाढवा, नाहीतर इंजिनाचं पोट किंवा मेनस्टँड घासतो. पिवळा रंग ओला असेल तर तिरकं जाऊ नका.

ट्रकच्या मागे अगदी जवळ राहिलात तर तोपे दिसतच नाही, त्याचे ब्रेकलाइट तेवढे दिसतात, तेही चालू असले तर. अंतर ठेवा. ट्रकवाल्याने डावा इंडिकेटर दिला तर त्याचे दोन अर्थ होतात : ‘पुढे रस्ता मोकळा, जा’ किंवा ‘मी डावीकडे वळतोय’. डावीकडे फाटा, पंप किंवा घराचं फाटक दिसत असेल तर दुसराच अर्थ धरा.

प्रश्न : पंक्चर झाली तर? आणि पेट्रोल?

रस्त्याकडेला टांगलेला जुना टायर हीच यांतेराची पाटी. त्यालाच बुल्कानिसादोराही म्हणतात. अशी दुकानं बऱ्याच गावांत असतात. पण त्यांचा हात ट्रकच्या टायरवर बसलेला असतो. लांब टॉमीने अलॉय रिमला ओरखडे पडतात, ट्यूब चिमटली जाते. चाक स्वतः काढून द्या आणि टायर चढवताना शेजारी उभे राहा. त्यासाठी अॅक्सलच्या मापाचा पाना हवा. भाड्याच्या गाडीच्या टूलकिटमध्ये नेमका तोच नसतो, ताब्यात घेतानाच बघा. ट्यूबलेस असेल तर प्लगचा संच आणि छोटा पंप पुरेल.

तेपिकलाच टाकी भरा. माग्ना म्हणजे ८७ ऑक्टेनचं साधं, प्रीमियम ९१चं. २५० सीसीला बहुधा माग्ना चालतं, टाकीवरची सूचना वाचा. पेट्रोल पंपावरचा माणूसच भरतो. आकडा शून्यावर आहे का ते पाहूनच नळी घालू द्या, आणि दोन-चार पेसो टिप ठेवा.

वाटेत रेतेन, म्हणजे लष्कराची तपासणी चौकी लागू शकते. वेग कमी करून व्हायझर वर करा. पासपोर्ट, परवाना आणि भाड्याचा करार वरच्या खिशात असू द्या. गाडी बंद पडून अडकलात तर ०७८वर पर्यटकांच्या मदतीचे ‘आंखेलेस वेर्देस’, अपघाताला ९११.

प्रश्न : मागवावं काय? आणि मासे खाताना एखादी बिअर घेतली तर?

आधी बिअरचं. २०२२च्या वाहतूक कायद्यात मोटारचालकाला श्वासात लिटरमागे ०.२५ मिलिग्रॅम अल्कोहोलपर्यंत मुभा आहे, दुचाकीस्वाराला फक्त ०.१. एका बिअरनेही ही रेषा ओलांडली जाऊ शकते. चालवणाऱ्याने लिंबूपाणीच प्यावं.

आता मासा. सारांदेआदोसाठी पार्गो (तांबोशीच्या जातीतला) किंवा रोबालो मागा. तो पाठीतून चिरून पुस्तकासारखा उघडतात, लिंबू, मीठ, मिरचीचं वाटण लावतात, जाळीत धरून लाकडाच्या निखाऱ्यावर भाजतात. वाटण प्रत्येकाचं वेगळं. कुणी मेयोनीज, मोहरी, सोया सॉसही घालतं. मासा किलोवर विकतात. भाजण्याआधी वजन आणि दर विचारा, बिलावरचे वाद बहुतेक इथेच होतात. दोघांना एक किलो जास्त होत नाही, कारण वजनात डोकं आणि काटे धरलेले असतात. तो भाजेपर्यंत सिएर्रा माशाचं सेविचे (लिंबाच्या रसात मुरवलेला कच्चा मासा) घ्या, नायारितमध्ये त्यात किसलेलं गाजर असतं. टेबलावरच्या बाटलीतला ‘विचोल’ तिखट सॉस तेपिकचाच. रोख पेसो बरोबर ठेवा.

सान ब्लासचे कालव प्रसिद्ध आहेत, पण कच्चे खाऊ नका. कोमट समुद्रात व्हिब्रिओ जीवाणू वाढतात आणि लिंबाच्या आंबटाने ते मरत नाहीत, उष्णताच लागते. यकृताचा विकार किंवा मधुमेह असलेल्यांना हा संसर्ग जिवावर बेतू शकतो. भाजलेले मागा. हीच शंका सेविचे आणि आग्वाचिलेलाही (लिंबू-मिरचीतली कच्ची कोळंबी) लागू आहे : लिंबाने मांस पांढरं होतं, शिजत नाही. गर्दीच्या ठिकाणी, बर्फावर ठेवलेल्या माशाचंच घ्या. समुद्री कोळंबीवर साधारण मार्च ते सप्टेंबर वेदा, म्हणजे मासेमारीबंदी असते. त्या काळात ताटात येते ती शेततळ्यातली किंवा गोठवलेली.

प्रश्न : सारांदेआदोचं मूळ गाव मेक्सकाल्तितान बेट म्हणतात. त्याच दिवशी तेही जमेल?

नाही. ते उत्तरेला पाणथळीत आहे आणि ला बातांगाच्या धक्क्यावर गाडी ठेवून होडीने जावं लागतं. त्याला वेगळा दिवस द्या.

प्रश्न : परत आल्यावर गाडीला काही करावं लागतं का?

त्याच रात्री गोड्या पाण्याने धुवा, पण प्रेशर गन चेनवर आणि चाकाच्या बेअरिंगवर धरू नका. खारं दमट वारं चेनच्या कड्यांवर रातोरात तांबेरा आणतं. चेन कोरडी पुसून, चाक हाताने फिरवत आतल्या बाजूने तेल सोडा.